तालुक्याच्या गावात मार्ट येऊन राहिलं : विकास किती, नुकसान किती आणि गावानं काय मागून घ्यावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, पंचेचाळीस-पन्नास हजार वस्ती, बायपासजवळ नगरपरिषदेची जागा आहे तिथं एका कंपनीचं मोठं मार्ट येऊन राहिलं. नगरसेवक म्हणतात गावाचा विकास होईल, दोनशे पोट्ट्यांना नोकऱ्या लागतील. विचारणाऱ्या भाऊंच्या मामांचं मेन रोडला किराणा दुकान आहे, ते म्हणतात आता आम्ही मेलो. यात खरं कोण आणि गावानं काय करावं?

मी २८ वर्षं साबण, चहा, बिस्किट, तेल, मसाल्याचा डिस्ट्रिब्युटर होतो, दारव्हा-दिग्रस-आर्णी या पट्ट्यात दोन टेम्पो आणि चार सेल्समन फिरायचे, चारशेच्या वर दुकानांना माल जायचा. माझ्या बीटमधल्या, म्हणजे माल पुरवायच्या टापूतल्या, दोन गावांत मार्ट उघडलं आणि त्यानंतर काय काय होतं ते मी बिलबुकात महिन्या-महिन्यानं पाहिलं. त्यावरून सांगतो, नगरसेवकही अर्धेच बरोबर आहेत आणि मामाही. मार्ट आल्यावर किराणा दुकान लगेच बंद पडत नाही. आधी बंद पडते उधारी. आणि आपल्याकडं उधारी म्हणजे दुकानदाराचा मोठेपणा नाही हो, ती अर्धी शेती आहे.

हे जरा सविस्तर सांगतो कारण सगळ्या चर्चेत हेच सुटतं. दिग्रसकडच्या एका दुकानात मी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी वसुलीला बसायचो. मजुरांचा चुकारा झालेला असायचा, बाया हातात पिशवी अन् पदराला बांधलेले पैसे घेऊन यायच्या, पावभर तेल, किलोभर साखर, दहाची चहापत्ती, पाचची साबणाची वडी, थोडे पैसे रोख, बाकी लिहून ठेवा. दुकानदाराची लाल कापडाची लांब वही, त्यात नावापुढं रक्कम आणि रक्कमेपुढं एक शब्द लिहिलेला असायचा. कुणापुढं सोया, कुणापुढं कापूस, कुणापुढं तूर. म्हणजे हा पैसा कोणतं पीक निघाल्यावर येणार ते. सोयाबीनवाला दसरा-दिवाळीला देणार, कापूसवाला पहिल्या दुसऱ्या वेच्याचा चुकारा आला की, आणि तूर म्हणजे थेट जानेवारी-फेब्रुवारी. मृगापासून दिवाळीपर्यंत खेड्यातली कितीतरी घरं या वहीवर जेवतात. ना कागद, ना जामीन, ना व्याज, फार तर साखर रुपया दोन रुपये महाग.

आता हा दुकानदार सहा सहा महिने पैसे अडकवतो तर मला, म्हणजे डिस्ट्रिब्युटरला, सात दिवसांत कुठून देतो? तर त्याची पंचवीस-तीस पगारदार घरं असतात. शिक्षक, बँकवाले, पोलीस, महावितरणचे, पेन्शनर. हे लोक एक ते सात तारखेत महिन्याची यादी देतात, चार-पाच हजारांचा किराणा एकदम, पैसे रोख नाहीतर फोनवरून. या रोकडीवर दुकान फिरतं आणि त्या फिरण्यातून मजुराची उधारी चालते.

मार्ट पहिलं गिऱ्हाईक नेमकं हेच उचलतं. पगारदार माणसाकडं गाडी आहे, घरी फ्रीज आहे, महिन्याचं एकदम भरायची ऐपत आहे, शनिवारी लेकराबाळांना घेऊन एसीत फिरायला कुणाला आवडत नाही. मजूर बाई मार्टात जात नाही कारण तिथं पावभर सुटं तेल नाही अन् वही नाही. मग दुकानदाराकडं काय उरतं, तर रोकडीचं गिऱ्हाईक जातं आणि उधारीचं राहतं. एका दुकानाचा हिशोब मला पाठ आहे, महिन्याला तीन लाखाची विक्री, त्यातली सव्वा लाख पगारदारांची. मार्ट उघडल्यावर पाच महिन्यांत ही सव्वा लाखाची पन्नास हजारांवर आली. बाकीची विक्री तेवढीच होती बरं का, दुकान बाहेरून बघितलं तर गर्दी तशीच. पण सहाव्या महिन्यात त्याचा चेक परत आला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि तो माणूस माझ्या गोडाऊनवर येऊन मान खाली घालून बसला, त्याला चहा दिला तर हात थरथरत होता. मग मी त्याची उधारी सातवरून तीन दिवसांवर आणली, मला कंपनीला ॲडव्हान्स भरावा लागायचा त्यामुळं माझाही इलाज नव्हता, आणि त्यानं वहीतल्या लोकांना हात जोडून सांगितलं की आता रोख असेल तर या. ती घरं कुठं गेली? मायक्रोफायनान्सच्या गटात. वीस टक्क्यांच्या वर व्याज, आठवड्याचा हप्ता, आणि हप्त्याला सोयाबीन, कापूस, तूर हे शब्द समजत नाहीत.

म्हणून कुणी म्हटलं की मार्टमुळं एकही दुकान बंद झालं नाही तर विश्वास ठेवू नका. दुकानाचं शटर वर आहे का हे बघू नका, वही चालू आहे का ते विचारा.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. पाच हजारांच्या किराण्यावर मार्टात अडीच-तीनशे रुपये वाचतात हे खरं आहे, आणि ते पैसे त्या घराच्या खिशात राहतात. काही आपल्याकडच्या दुकानदारांनी वर्षानुवर्षं एक्सपायरी झालेला माल विकला, वजनात मारलं, पाकिटावरच्या किमतीवर कूलिंग चार्ज लावला, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. एमआरपीच्या वर घेणं हा गुन्हा आहे, वैधमापन कायदा २००९ चा आहे, पण तालुक्यात कोण बघतं. तर गिऱ्हाईक मार्टात गेलं यात गिऱ्हाइकाची चूक नाही.

नोकऱ्यांचं सांगतो. पंधरा हजार स्क्वेअर फुटाच्या मार्टाला दोनशे माणसं लागत नाहीत, पन्नास-साठ लागतात, त्यातली बरीच कंत्राटदाराकडनं. धरून चाला की मार्ट महिन्याला एक कोटीचा धंदा करतं, तर तेवढाच धंदा अडीच-अडीच लाखाची चाळीस दुकानं करतात आणि चाळीस दुकानांत घरचे आणि नोकर धरून ऐंशी माणसं तरी असतात. म्हणजे डोकी वाढत नाहीत. पण पगाराची जात बदलते हे मान्य करा. किराण्यातल्या पोट्ट्याला सहा-सात हजार मिळतात, ना पीएफ ना सुट्टी, सकाळी आठला शटर उघडायचं अन् रात्री दहाला पाडायचं. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला भविष्यनिर्वाह निधी लागू होतो, एकवीस हजारांपर्यंतच्या पगाराला ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा आहे. आर्णी रोडच्या एका खेड्यातली मुलगी मला मार्टच्या बिलिंग काउंटरवर भेटली, बारावी झालेली, तिनं मोबाइलवर पीएफची पासबुक उघडून दाखवली, घरात पहिल्यांदा कुणाचं तरी असं खातं निघालं होतं. हे मी कमी लेखणार नाही. फक्त सभेत दोनशे हा आकडा ऐकला की विचारा, कंपनीच्या रोलवर किती, कंत्राटावर किती, तालुक्यातले किती, आणि हे कागदावर द्या.

नगरपरिषदेचा फायदा हा मुद्दा लोकं सगळ्यात जास्त चुकीचा समजतात. अमेरिकेत छोटी गावं अशा दुकानांच्या मागं लागतात कारण तिथं बऱ्याच राज्यांत विक्रीकराचा एक हिस्सा थेट गावाच्या तिजोरीत येतो. आपल्याकडं तसं नाही. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये गेली, २०१७ च्या १ जुलैपासून जीएसटी आला, त्यातला अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा. मार्टानं महिन्याला एक कोटी विकलं काय अन् पाच कोटी विकलं काय, नगरपरिषदेला विक्रीतनं थेट एक रुपया येत नाही. येतं ते इमारतीचा मालमत्ता कर, बांधकाम परवानगीचं विकास शुल्क आणि जागा नगरपरिषदेची असेल तर भाडं. बस. म्हणून भाड्यात सूट देऊन, करात सवलत देऊन मार्ट बोलवणं म्हणजे जे एकमेव उत्पन्न येणार तेच सोडून देणं. तुमच्या गावात जागा नगरपरिषदेची आहे, म्हणजे हुकमाचा पत्ता तुमच्या हातात आहे. नगरपरिषदेची जागा भाडेपट्ट्यानं देण्यासाठी १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमात कलम ९२ आहे, ठराव सभेत यावा लागतो, हर्रास कसा होणार, भाडं कोणत्या दरानं ठरलं, दर तीन वर्षांनी किती वाढणार हे सगळं ठरावातच दिसलं पाहिजे.

आता पैसा बाहेर जातो, पैसा बाहेर जातो असं सगळे म्हणतात, तो नेमका किती जातो ते बघू. शंभर रुपयांचा साबण-बिस्किटाचा माल मामांनी विकला तर अठ्ठ्याऐंशीच्या आसपास खरेदी, ती कंपनीकडं गेलीच, त्यातले चार-पाच रुपये माझ्यासारख्या तालुक्यातल्या वितरकाचे, दहा-बारा मामांचे, म्हणजे गावात पंधरा-सोळा राहिले. तोच माल मार्टानं विकला तर त्याचं ग्रॉस मार्जिनही, म्हणजे खरेदी-विक्रीतला फरकही, पंधरा टक्क्यांच्याच आसपास, पण त्यातलं गावात राहतं ते पगार, थोडी वीज, थोडं भाडं, हमाली एवढंच, अधिक गिऱ्हाइकाचे वाचलेले पाच-सहा रुपये. फरक थोड्या रुपयांचाच आहे. साबणावर भांडण्यात अर्थ नाही, साबण आपल्या जिल्ह्यात बनतच नाही.

खरा फरक पडतो डाळ, तेल, तांदूळ, मसाला, हळद, तिखट, पापड यांत. अकोल्याला डाळ मिलांचं एवढं मोठं केंद्र, आपली तूर तिथं जाते. माझ्या ओळखीच्या एका मिलवाल्यानं सांगितलं की त्याची तूरडाळ पोत्यात भिवंडीकडच्या गोदामात जाते, तिथं किलो-किलोच्या पाकिटात भरली जाते आणि ट्रकनं परत आपल्याकडं येते. मी एकदा सकाळी सहाला मार्टच्या मागच्या गेटवर उभा राहून माल उतरताना पाहिला, पाकीट हातात घेऊन पत्ता वाचला, पॅकिंग ठाणे जिल्ह्याचं. तूर आपली, मजुरी भिवंडीची, डिझेल दोन वेळचं, आणि ती डाळ घेणार आपलेच लोक. किराणा दुकानात मात्र पुसदच्या मिलचं पोतं उघडं असतं, समुद्रपूर तालुक्यातली वायगावची हळद असते जिला जीआय, म्हणजे त्या भागाची खास ओळख सांगणारं भौगोलिक मानांकन आहे, भिवापूरच्या मिरचीचं तिखट असतं, तिलाही जीआय आहे, फल्लीतेल घाण्यावरचं असतं. या मालाचे शंभरातले साठ-सत्तर रुपये विदर्भातच फिरतात. मार्टमुळं गावाचा विकास होईल की नाही हे मी या एकाच गोष्टीवर ठरवेन, मार्ट इथून काय खरेदी करतं.

आणि हे मागता येतं. नगरपरिषद भाडेपट्ट्यात अट घालू शकते, निदान बोलणी करताना लेखी घेऊ शकते, की एक रॅक स्थानिक मालाला, डाळ-तांदूळ-मसाल्याची काही खरेदी जिल्ह्यातनं. २०१६ पासून फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर आहे, त्यामुळं संत्री, वांगी, टमाटर थेट शेतकऱ्याकडनं किंवा शेतकरी कंपनीकडनं घ्यायला मार्टाला कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी आपल्याकडनं असते. बचत गटाच्या ताई पापड उत्तम करतात पण पाकिटावर वजन-किंमत-तारीख नाही, एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा खात्याची नोंदणी नाही, बारकोड नाही, मग मार्टचा खरेदी मॅनेजर इच्छा असूनही घेऊ शकत नाही. लहान उलाढालीला एफएसएसएआयची साधी नोंदणी पुरते, बारकोड जीएस१ इंडियाकडनं मिळतो, ८९० नं सुरू होणारा, आणि यंत्रासाठी २०२० ला केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना निघाली, ३५ टक्के अनुदान, वैयक्तिक उद्योगाला दहा लाखांपर्यंत. मार्ट उघडायच्या सहा महिने आधी दोन-तीन गटांची ही कागदं करून ठेवली तर बोलणीत वजन येतं. एक सावधगिरी, पैसे कधी मिळणार हे आधी लिहून घ्या. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे मिळाले पाहिजेत असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो, पण त्यासाठी उद्यम, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी हवी, ती फुकट होते. एका गटाचे पैसे चार महिने अडकले होते, ताईंनी दागिना गहाण ठेवून उडीद घेतला, तेव्हापासून मी हे प्रत्येकाला सांगतो.

बाहेरच्या अनुभवातली एक गोष्ट उपयोगी आहे. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ केनेथ स्टोन यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटापासून वॉलमार्ट आलेल्या छोट्या गावांची विक्री मोजली. ज्या गावात दुकान आलं तिथली एकूण विक्री वाढली, पण आजूबाजूच्या लहान गावांची घटली. आणि त्या गावातही वॉलमार्ट जे विकतं तेच विकणारी दुकानं बसली, जे ते विकत नाही ते विकणाऱ्यांना गर्दीचा फायदा झाला. मी माझ्या बीटवर हेच बघितलं. तालुक्याच्या दुकानांपेक्षा दहा-पंधरा किलोमीटरवरच्या पाच हजार वस्तीच्या गावातली मोठी दुकानं आधी खाली आली, कारण तिथले शिक्षक तालुक्यालाच राहतात अन् येताना पिशवी घेऊन येतात. उलट तालुक्यातला टेलर, चक्कीवाला, मोबाइल रिपेअरवाला, बी-बियाणं-खतवाला यांना काही झालं नाही. तुमच्या गावातले काही पगारदार आजच महिन्यातून एकदा यवतमाळला किंवा नागपूरला जाऊन भरून आणतात, तो पैसा मार्ट आल्यावर गावात थांबेल, हा खरा फायदा आहे.

त्यासाठी जागा महत्त्वाची. बायपासवर मार्ट गेलं तर येणारा माणूस गावात शिरतच नाही, पार्किंगमधून पार्किंगमध्ये. तेच मार्ट बसस्टँड अन् आठवडी बाजाराच्या टापूत असलं तर मार्ट झालं की भाजी, मग चप्पल, मग नाश्ता. नगरपरिषदेनं जागेचा फेरविचार करावा, नाही जमलं तर बायपासच्या जागेवर मार्टच्या हद्दीलगत फेरीवाल्यांचे ओटे आणि ऑटो स्टँड ठरावातच टाकावं. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं नगर पथविक्रेता समिती असायला पाहिजे, तिला या बैठकीला बोलवा.

अजून एक, मार्ट येतं तसं जातंही. बिग बझार २००१ ला सुरू झालं, देशभर पसरलं, आणि २०२२ मध्ये कंपनी कर्जात बुडाल्यावर भाडं थकलेल्या जागांचे पट्टे दुसऱ्या कंपनीकडं गेले आणि ते नावच गेलं. त्यामुळं लॉक-इन, म्हणजे कंपनीला जागा सोडता येणार नाही असा काळ, किती वर्षांचा, अनामत किती महिन्यांची, मार्ट गेलं तर शेड नगरपरिषदेला कोणत्या अवस्थेत परत मिळणार, आणि रिकामी शेड दुसऱ्याला द्यायला कंपनी हरकत घेणार नाही, ही चार कलमं वकिलाकडनं तपासून घ्या.

आता मामांसाठी. साबण-डिटर्जंटच्या मोठ्या पाकिटात मार्टशी किमतीनं लढू नका, त्यात मामांचे पैसे जातील. तो माल कमी करून सुटी डाळ, ताजं दळण, तिखट, घाण्याचं तेल, लहान पाकिटं, पूजेचं अन् लग्नाचं सामान वाढवा. पगारदार घरांना फोनवर यादी घेऊन घरपोच द्या, आणि त्या घरांना डाळ-तांदळात पन्नास-शंभर रुपये सोडावे लागले तर सोडा, ती घरं गेली तर वही गेली. दहा-बारा दुकानदार मिळून अकोल्याहून डाळ, गोंदियाहून तांदूळ एकत्र ट्रकनं आणा, क्विंटलमागं फरक लगेच दिसतो, आमच्याकडं सात दुकानदारांनी हे केलं आणि सातही आज चालू आहेत. वहीतली तीन वर्षांपेक्षा जुनी येणी आत्ताच बसून मिटवा, निम्म्यात मिटत असतील तरी, कारण रोकड लागणार आहे. आणि मार्ट शक्यतो दसऱ्याच्या आधी उघडेल, पहिले तीन महिने ते तोट्यात जाऊन तेल-साखर विकेल, त्यामुळं यंदा दिवाळीचा तेल-साखरेचा माल नेहमीसारखा दोन महिने आधी भरू नका, आठ-आठ दिवसांचा उचला.